नळीत शिरलेला वारा

आमच्या वर्कशॉपमध्ये धूळ साचू देत नाहीत. किस्से मात्र कोपऱ्याकोपऱ्यात साचतात, आणि ते झाडायला कुणी येत नाही!

हॉलंडमध्ये, बाडहूव्हडॉर्पला आम्ही छोट्या विमानांचे वेगमापक दुरुस्त करतो. विमानाच्या पंखाखाली एक नळी असते, तोंड पुढे. समोरचा वारा तिच्यात जितक्या जोरात घुसेल, तितका काटा वर चढतो. मी या देशात नवऱ्याच्या व्हिसावर डिपेंडंट म्हणून आले, तो वारल्यावर कामाला लागले. तपासणीवर स्वतःचा शिक्का मारायची परवानगी मिळाली तर नोकरी कायम. नाहीतर परत पुणं. हे सगळे त्या उमेदवारीतले किस्से.

*

नणंदेला फोनवर माझं काम समजावत होते.

"अगं, त्यात मोजायचं काय? चालवणाऱ्याला कळत नाही का, आपण किती जोरात चाललोय ते?"

"वन्सं, तुमच्या भावाला तरी कुठे कळायचं!"

 आधी वन्संच हसल्या, मग मी.

*

वर्कशॉपमध्ये मी आणि माझा सहकारी पराग सोडून मराठी कुणी नाही. खंडेनवमीला त्याने हत्यारांची पूजा केली. टेबलावरच्या नळीलाही हळदकुंकू, अक्षता, सगळं साग्रसंगीत. दुपारी आमचा साहेब हेंक नळीत हवा सोडतो, तर काटा ढिम्म!

चिमट्याने एक दाणा बाहेर काढून त्याने विचारलं, "हा कुठल्या जातीचा किडा?"

पराग म्हणाला, "बासमती."

*

हाच पराग एकदा सायकलवरून धापा टाकत उशिरा आला.

"समोरून वारा होता. वाऱ्याच्या हिशेबाने एअरस्पीड भरपूर, रस्त्याच्या हिशेबाने ग्राउंडस्पीड शून्य!"

हेंक म्हणाला, "मग सायकल वळवायची. घरी तरी वेळेवर पोचला असतास."

*

आणि माझी तोंडी परीक्षा. दोन उत्तरं चुकली होती. शिक्का हेंकच्या हाताखाली. शेवटचा प्रश्न.

"विमान मैदानात उभं आहे. इंजिन बंद. तरी काटा पन्नासवर. काय बिघडलंय?"

काचेपलीकडून पराग ओठ हलवत होता : गळती सांग, गळती!

"काही नाही," मी म्हटलं. "ते हॉलंडमध्ये उभं आहे."

हेंक हसला नाही. "मग करायचं काय?"

"विमान वाऱ्याकडे तोंड करून घट्ट बांधायचं. वारा पडेपर्यंत डबा खायचा."

शिक्का माझ्याकडे सरकवत त्याने विचारलं, "डब्यात काय आहे?"