भोंग्याची ताई

जन्मला तेव्हा तो असा रडला की समोरच्या इमारतीतल्या लोकांनी खिडक्या उघडून पाहिलं. 'भोंगा' हे नाव तेव्हाच पडलं. पुढे तो लेफ्टनंट झाला, लढाईत गेला, मेल्यावर त्याला शौर्यपदक मिळालं, तरी ताईच्या तोंडी तो भोंगाच राहिला. त्या नावावर तिचा असा हक्क होता की दुसऱ्या कुणी ते उच्चारलं की तिच्या कपाळावर आठी उमटायची.

आई गेली तेव्हा तो नुकता चालायला लागला होता आणि ताई शाळेच्या शेवटच्या वर्गात होती. वडील लांब पल्ल्याच्या ट्रकवर, घरी यायचे ते पाहुण्यासारखे. ताईने शाळा सोडली आणि कोपऱ्यावरच्या लॉंड्रीत इस्त्रीला उभी राहिली. भोंगा मळक्या कपड्यांच्या ढिगावर झोपायचा. एकदा तर गिऱ्हाइकाच्या चादरीत गुंडाळलेला सापडला. ताईला स्थळं आली, ती तिने परतवली. "पोराला बरोबर घेऊन ये, असं म्हणणारा भेटला की बघू," म्हणायची. तसा कुणी भेटला नाही, आणि खरं सांगायचं तर तिने शोधलाही नाही.

मोठा झाल्यावर तो सैन्यात जायचं म्हणाला. ताईने आदळआपट केली, बोलणं टाकलं.

"अगं, मला दुसरं येतं काय?" तो म्हणाला. "तिथे ओरडायला पगार देतात."

ती हसली आणि तिथेच हरली. पहिल्या सुट्टीला तो आला तेव्हा तिने त्याचा गणवेश लॉंड्रीत नेऊन स्वतः इस्त्री केला. विजारीची घडी अशी धारदार, की बोट कापावं. तो रस्त्याने निघाला की लोक त्याच्याकडे पाहायचे आणि ही त्या घडीकडे.

मग सरावात त्याचं मनगट मोडलं, आणि इस्पितळात एक्स-रे काढणारीच्या प्रेमात पडून तो परत आला.

"मी त्याला अंगाखांद्यावर वाढवला," ताई लॉंड्रीच्या मालकाला म्हणाली, "आणि ही बया एका फोटोत थेट हाडापर्यंत पोचली!"

मालक पोट धरून हसला. ताई हसली नाही.

लग्न झालं, भावजय त्याच दोन खोल्यांत राहायला आली. पोरगी वाईट नव्हती, हेच तर दुखणं होतं. उलट उत्तर नाही, कामचुकारपणा नाही, ताईने बोट ठेवावं अशी जागाच नाही. शेवटी ती जागा इस्त्रीने दिली. पुढच्या सुट्टीत भावजयीने त्याचा गणवेश घरीच इस्त्री केला आणि विजारीला दोन घड्या पडल्या, रुळांसारख्या शेजारी शेजारी.

"हे असं घालून जाणार?" ताईने विचारलं.

"जाणार की. तिने केलीय."

'तिने केलीय.' कानामागून आली आणि तिखट झाली, म्हणतात ते हेच. त्या सुट्टीनंतर लढाई पेटली आणि भोंगा दोन घड्यांची विजार घालून गेला, तो गेलाच.

बातमी घेऊन एक अधिकारी आला. दार ताईने उघडलं.

"आपण पत्नी?"

"बहीण."

"मग कृपा करून त्यांना बोलावता का?"

टोपी त्याच्या हातात होती, नजर जमिनीवर. ताईला सगळं कळलं. तरीही तिला आत जाऊन भावजयीला हाक मारावी लागली आणि ते वाक्य त्याने भावजयीला सांगेपर्यंत भिंतीला टेकून थांबावं लागलं. दुःखाच्या रांगेतसुद्धा तिचा नंबर दुसरा लागला होता.

पदकाच्या समारंभातही तेच. भावजय मंचावर, ताई खुर्च्यांच्या दुसऱ्या ओळीत. नंतर दोघी शेजारी उभ्या राहिल्या तर फोटो काढणारा म्हणाला, "बाई, तुम्ही जरा बाजूला होता का? वीरपत्नींचा एकटीचा हवाय." ताई बाजूला झाली. पदक भावजयीच्या खोलीत गेलं. खोली झाडायला गेली की ताई त्या पेटीला पाठ करून झाडायची.

एका दुपारी भावजय इस्पितळात कामावर असताना एक लंगडणारा तरुण दारात आला. भोंग्याच्या तुकडीतला शिपाई. साहेबांच्या घरच्यांना भेटायचं म्हणून दिवसभर प्रवास करून आला होता, संध्याकाळच्या गाडीने परतायचं होतं. इस्पितळ दोन गल्ल्यांवर. निरोप धाडला असता तर भावजय धावत आली असती. ताईने चहाचं आधण ठेवलं आणि दाराला कडी घातली.

"सांग," ती म्हणाली. "सगळं सांग."

त्याने सांगितलं. तुकडी नदीपलीकडे अडकली होती. माघारीचा हुकूम आला, पूल उडवायचा ठरला. पण धुकं असं दाट की स्वतःचा हात दिसेना, आणि वायरलेस बंद पडलेला. पूल कुठल्या बाजूला, आम्हा पांगलेल्यांना कळेना. तेव्हा साहेब पुलाच्या तोंडाशी कठड्यावर चढले आणि ओरडू लागले. त्या आवाजाच्या रोखाने एकेक जण चाचपडत पुलावर आला.

"पण आवाज काय आपल्यालाच ऐकू येतो?" शिपाई म्हणाला. "शत्रूही त्याच रोखाने गोळ्या झाडत होता. आम्ही म्हटलं, साहेब, खाली उतरा. म्हणाले, अजून दोघं यायचेत. ते दोघं आले. त्यांतला दुसरा मी. मी त्यांच्या पायाशी पोचलो आणि ते माझ्या अंगावर कोसळले."

ताईच्या हातातला कप कलंडला, चहा मांडीवर सांडला. तिला तो पोळलाही नाही.

"काय ओरडत होता?" तिने विचारलं. "कुणाचं नाव घेतलं का?"

"घेतलं ना."

"कुणाचं?"

"आमची. एकेकाची, हजेरी घेतात तशी. आलेल्याचं नाव गाळायचे आणि उरलेल्यांची परत पहिल्यापासून."

शिपाई गेला. ताई त्या संध्याकाळी गप्प राहिली, दुसऱ्या दिवशीही. मनात म्हणायची, एवढं तरी माझं एकटीचं असू दे. पण शेजारणीने शिपायाला जाताना पाहिलं होतं, आणि भावजय इस्पितळातून आली ती थेट ताईसमोर उभी राहिली.

"त्याच्या तुकडीतला माणूस आला होता, आणि तुम्ही मला बोलावलं नाही?"

"नाही बोलावलं."

"का, ताई?"

"तुला सगळं मिळालं!" ताईचा बांध फुटला. "पदक तुला, फोटो तुझा, बातमीसुद्धा आधी तुला. मी मेली दाराशी उभी! एक दुपार माझी असली तर काय बिघडलं?"

"मला काय मिळालं?" भावजय ओरडली. "तुमच्याकडे त्याचं अख्खं आयुष्य आहे. माझ्याकडे दोन सुट्ट्या! तो लहानपणी कसा होता विचारलं तर तुम्ही 'होता चारचौघांसारखा' म्हणता आणि स्वयंपाकघरात जाता. मी जळते तुमच्यावर, ताई. रोज जळते."

ताई खाली बसली. आपल्यावरही कुणी जळू शकेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. मग तिने धुक्याची, पुलाची गोष्ट सांगितली, काहीही हातचं न राखता. भावजयीने तोच प्रश्न विचारला.

"नाव घेतलं का कुणाचं?"

"तुझं नाही," ताई म्हणाली. "आणि माझंही नाही. त्या मेल्यांची घेतली. सगळ्या पलटणीची."

भावजय रडता रडता हसायला लागली. "म्हणजे आपण दोघी उगाच..."

"उगाच."

त्या दिवसापासून ताई थोडं थोडं बोलू लागली. चादरीत सापडलेल्या पोराची गोष्ट भावजयीने किती वेळा सांगायला लावली त्याला गणती नाही. काही वर्षांनी भावजयीने दुसरं लग्न केलं आणि पदक बरोबर नेलं. ताईच्या ते जिव्हारी लागलं. महिनाभर ती तिकडे फिरकली नाही, मग एका रविवारी तिच्या दारात जाऊन उभी राहिली. आता दोघींचा रविवार ठरलेला असतो, आणि भांडणही.

"त्याला चहात साखर लागायचीच नाही," भावजय म्हणते.

"तुझ्यासमोर नसेल लागत. चांगली बचकभर घालायचा."

"माझ्या हातचा बिनसाखरेचा आवडीने प्यायचा, ताई."

"प्यायचा असेल," ताई म्हणते आणि स्वतःच्या कपात आणखी एक चमचा घालते. "तुझं मन राखायला."