लेंडीवाले डॉक्टर

डॉक्टरसाहेबांच्या खिशात पेनाऐवजी सशाच्या लेंड्यांची डबी असायची. डबी सुपारीची. एकदा अब्बांनी ती मोठ्या आशेनं उघडली आणि त्या दिवसापासून मूल गावच्या अख्ख्या बाजारात ते ‘लेंडीवाले डॉक्टर’ झाले.

ते गुरांच्या दवाखान्याचे डॉक्टर, साताऱ्याकडचे. क्वार्टर आमच्या शिलाईच्या दुकानासमोर. बायको-मुलं तिकडंच असायची. केसाळ कातड्यासाठी विलायती ससे पाळायची एक योजना आली होती. आमच्या उन्हात फरची टोपी कोण घालणार, देव जाणे! योजना बंद पडली, उरलेले ससे मारून टाकायचं ठरलं, तेव्हा साहेबांनी ते गुपचूप टेकडीवर सोडले. तिथं त्यांना पिल्लंही झाली.

मग जंत लागले. “मास्टर, इथल्या रानसशांना हे जंत पचतात,” ते मला सांगायचे. “आमचे नवखे. एकाच गवतात चरतात आणि मरतात.” रोज लेंड्या आणून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, चण्यात औषध कालवून टेकडीवर टाकायचे. दुसऱ्या कशावर ते बोलतच नसत.

ज्याच्या पोटात जंत राहतो त्याला ते ‘यजमान’ म्हणत. पुस्तकातला शब्द. एकदा मी सोबत असताना टेकडीखालच्या गिरजाबाईला त्यांनी विचारलं, “बाई, तुमच्या बांधावर यजमान मेलाय म्हणे?” बाईनं हंबरडा फोडला आणि ती अनवाणी बांधाकडं धावली, मागोमाग आम्ही. नवरा तिथं बिडी ओढत बसलेला.

“मले काऊन मारून राह्यले, डॉक्टरसाहेब?”

आम्ही पोट धरून हसलो. साहेबांनी हात जोडून माफी मागितली. परतताना मला म्हणाले, “मास्टर, आपल्यासाठी असं कुणीतरी धावलं पाहिजे.”

पावसाळ्यानंतर एकच मादी उरली. एका सकाळी तीही मेलेली सापडली; ते तिला दुपट्ट्यात गुंडाळून घेऊन आले.

“फाडून नाई पाहात काय, साहेब?” मी विचारलं.

“नको. मीच सोडलं होतं तिला.”

तिला त्यांनी क्वार्टरमागं पुरलं. पुढं बदली झाली. एसटीत चढताना म्हणाले, “टेकडीकडं बघत जा. एखादा वाचला असेल.”

नंतर अधूनमधून दुकानात फोन यायचा. “दिसला का?” दर वेळी मी सांगायचो, “हो साहेब, एक दिसला.” मी काहीच पाहिलेलं नसायचं, पण त्यांचा आवाज असा खुलायचा की मला खरं सांगवत नसे.

एकदा फोनवर त्यांचा मुलगा होता. बाबा गेले म्हणाला.

“तुम्हीच मास्टर ना? शेवटी शेवटी आम्हाला ते ओळखत नव्हते. पण टेकडीवर एक जिवंत आहे, एवढं सगळ्यांना सांगत होते.”