बर्फाची तालीम, मुक्काम सातवा मजला

एका शनिवारी सकाळी दहा वाजता मी बेशुद्ध होते. मला स्वतःला याची काहीच कल्पना नव्हती.

झालं असं, की वर्ल्ड कप वर्षभरावर आला होता आणि अख्खं दोहा खणून ठेवलेलं होतं. सकाळी ज्या रस्त्याने माणूस ऑफिसला जाई, तो रस्ता संध्याकाळी जागेवर असेलच याची खात्री नसे. अल नस्रमधल्या आमच्या नऊ मजली बिल्डिंगच्या मालकालाही वर्ल्ड कपचा ताप चढला होता. मॅच बघायला येणाऱ्यांना रिकामे फ्लॅट भाड्याने द्यायचे, म्हणून त्याने भिंती रंगवल्या, लॉबीत प्लॅस्टिकची खजुराची झाडं उभी केली आणि प्रत्येक नोटिशीवर फुटबॉलचं चित्र छापायला सुरुवात केली. पाणी बंद? फुटबॉल. पार्किंग धुणार? फुटबॉल. (मी कंटाळून नोटिसा वाचणंच सोडून दिलं होतं.)

अशात चौथ्या मजल्यावरची वैशाली आमच्याकडे चहाला आली आणि म्हणाली, "डिसेंबरच्या सुट्टीत जॉर्जियाला जाऊ या! विमानाने तीन-चार तास. बर्फाच्या डोंगरावर तंबू, सकाळी हाइक, दोन दिवसांत परत. तुला झेपेल ना गं?"

हा 'झेपेल ना' मला झोंबला.

"वैशाली, मी नाशिकची आहे," मी म्हणाले. "आमच्याकडे रविवारी देवळात जावं तसे लोक गडावर जातात. मी तर कॉलेजात ट्रेकिंग ग्रुपमध्ये होते!"

यातला शब्द न् शब्द खरा होता. मी ग्रुपमध्ये होते. एकदाच ट्रेकला गेले आणि गडाच्या पायथ्याशी बसून बावीस जणांचे डबे सांभाळले. (ग्रुप खाली उतरला तेव्हा अठराच उरले होते.)

वैशालीचे डोळे चमकले. "मग काय, तूच आमची लीडर!"

माझा नवरा मिलिंद माझ्याकडे नुसता बघत राहिला. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. कूलरवरची पाण्याची बाटली बदलायची झाली तरी मी त्याला हाक मारते, हे त्याला माहीत होतं.

आता अब्रूचा प्रश्न! मी इंटरनेटवर व्हिडिओ पाहिले. त्यातला दाढीवाला इसम सांगत होता की बर्फातले बूट आणि कपडे आधी अंगवळणी पाडा, वजन पाठीवर घेऊन चढण्याचा सराव करा. कतारमध्ये चढणार कुठे? सगळा देश ताटासारखा सपाट. आमच्या आसपास सर्वांत उंच चढण म्हणजे बिल्डिंगचा जिना!

त्या शनिवारी मी मिलिंदला म्हणाले, "जरा वैशालीकडे जाऊन येते," आणि आदल्या रात्री पार्किंगमधल्या स्टोअरमध्ये लपवलेलं सामान चढवलं. आत थर्मल, वर लालभडक स्नोसूट, पायांत गुडघ्यापर्यंत बूट, हातमोजे, गॉगल आणि डोळ्यांपुरती उघडी माकडटोपी. (टोपी थंडीसाठी नव्हती. कोणी ओळखू नये म्हणून होती.) पाठीवरच्या सॅकमध्ये वजन म्हणून दहा किलो बासमतीची गोणी.

तिसऱ्या मजल्यापर्यंत मी लीडर होते. पाचव्यापर्यंत मला माहेरची आठवण यायला लागली. बाहेर छान हवा होती, पण जिन्यात एसी नाही, खिडकी नाही, आणि माझ्या सूटच्या आत तर बासमती शिजला असता! सातव्या मजल्यावर पोचले आणि म्हटलं, दोन मिनिटं टेकू. टेकले. सॅक मागे गेली, तिच्यामागे मी गेले, आणि पाय वर, पाठ खाली, उलट्या कासवासारखी मी तिथेच पडले. पट्टा कठड्यात अडकला होता. उठता येईना, वळता येईना, आणि कोणाला हाक मारायची तर वैशालीला कळणार!

तेवढ्यात अलार्म वाजला.

जिन्यात पांढरा धूर शिरला. आग! मी सगळी लाज सोडून किंचाळले, "वाचवा! बचाओ! हेल्प!" टोपीतून बाहेर आलं ते फक्त "म्म्म! म्म्म!"

हेल्मेट घातलेले दोन तरुण धावत आले. एकाने वॉकीटॉकीवर आनंदाने सांगितलं, "कॅज्युअल्टी मिल गया! सेवन्थ फ्लोअर!"

मी कशीबशी टोपी तोंडावरून सरकवली. "आग कहाँ लगी है?"

"सर, आप बोलिए मत," तो दटावून म्हणाला. "आप बेहोश हैं."

"मैं सर नहीं हूँ! मैं बेहोश भी नहीं हूँ!"

"बहुत अच्छा कर रहे हो सर. मगर अभी चुप."

त्याने टोपी परत खाली ओढली आणि मला स्ट्रेचरवर बांधून टाकलं. अगदी पट्टे आवळून! माझी सॅक माझ्याच पोटावर ठेवली. दोघांनी उचलायचा प्रयत्न केला, पुन्हा खाली ठेवलं, आणि वॉकीटॉकीवर आणखी दोन माणसं मागवली. "यल्ला, चलो भाई, बहुत हेवी कॅज्युअल्टी है!" (त्यात दहा किलो तांदूळ होता, हे मला ओरडून सांगायचं होतं.)

मग मी पाहिलं, की वाटेतला माणूस न् माणूस हसत खाली उतरतोय. आगीतून पळणारे लोक हसत नाहीत. त्या वेळी कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मालकाने एका सेफ्टी कंपनीला बोलावून फायर ड्रिल ठेवलं होतं, धूरही मशीनचाच होता. त्याची नोटीस आठ दिवस लॉबीत लावलेली होती. फुटबॉलसकट!

खाली पार्किंगमध्ये सगळी बिल्डिंग जमली होती. मिलिंद पहिल्या रांगेत, मोबाइलवर शूटिंग करत. "बघ सई," तो आमच्या लेकीला सांगत होता, "काय भारी डमी बनवलाय! अगदी खरा वाटतो."

सईने मान वाकडी करून पाहिलं. "बाबा, द डमी इज वेअरिंग मम्माज बूट्स."

"असतील गं, सेम तसलेच."

इतक्यात कंपनीचा साहेब पुढे आला आणि माइकवरून म्हणाला, "नाऊ वुई विल डेमॉन्स्ट्रेट सीपीआर." एक धिप्पाड गडी बाह्या सरसावत माझी छाती दाबायला वाकला.

"खबरदार हात लावलास तर!" मी शुद्ध नाशिकच्या मराठीत ओरडले. या वेळी टोपीतूनही स्पष्ट ऐकू गेलं.

मिलिंदच्या हातातला मोबाइल पडला. तो धावत आला, त्याने माझी टोपी काढली, गॉगल काढला. आमचा वॉचमन शाजी मोठ्याने म्हणाला, "अरे! ये तो टू-झिरो-फोर वाली मॅडम है!" आणि गर्दीतून एक लाल सूटवाला माणूस हातात कडक चहाचा कप घेऊन धापा टाकत आला. तो खरा बेशुद्ध माणूस. सातव्या मजल्यावर पडून राहायचं सोडून समोरच्या टपरीवर गेला होता!

"तू वैशालीकडे गेली होतीस ना?" मिलिंदने विचारलं.

त्याच्या शेजारीच वैशाली उभी होती.

स्ट्रेचरवर आडवं पडून, पोटावर बासमती घेऊन, अख्ख्या बिल्डिंगसमोर खोटं बोलायला फार मोठं काळीज लागतं. मी सगळं कबूल केलं. गड, पायथा, डबे, चार डब्यांचा हिशोबसुद्धा. "मला नाही गं झेपत, वैशाली. मी कधी दहा पायऱ्यासुद्धा धड चढलेली नाही."

मला वाटलं ती हसेल. पण तिचा चेहरा पांढरा पडला.

"अगं, मग आता कसं होणार?" ती माझा हातमोजा धरून म्हणाली. "मी बर्फ फक्त फ्रीजरमध्ये पाहिलाय. तू नाशिकची म्हणून तुझ्या जिवावर चार फॅमिलींची तिकिटं काढली!"

मग मात्र आम्ही दोघी हसायला लागलो. ती इतकी हसली की खाली बसली. मला बसायची सोय नव्हती, पट्टे अजून सोडले नव्हते.

तिकिटं परत होणारी नव्हती, त्यामुळे आम्ही गेलो. तंबूचा एक खांब उलटा लागला, सईने तो निमूटपणे सुलटा केला. सकाळी सगळे मला पुढे घालून निघाले. समोर पांढरा, चकचकीत डोंगर. मी चढले! धापा टाकत, घसरत, बर्फात गुडघे रुतवत, पूर्ण पावणेदोन तास. वैशाली मागून ओरडत होती, "लीडर, थांबू नकोस!" शेवटचा चढ तर मी हातापायांवर गेले. माथ्यावर पोचल्यावर माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

डोळे पुसून पाहिलं, तर पलीकडून डांबरी रस्ता आला होता. माथ्यावर गाड्यांचं पार्किंग होतं, आणि ऐंशीच्या घरातल्या एक आजीबाई स्लिपर घालून गाडीतून उतरत होत्या. मी गुडघ्यांवर, चारी पायांनी, बरोबर त्यांच्यासमोर. त्यांनी मला हात देऊन उठवलं आणि एक मोसंबं दिलं.

शिखरावरचा माझा तो फोटो आजही आमच्या हॉलमध्ये लावलेला आहे. पार्किंग त्यात दिसत नाही. आजीबाई दिसतात, पण पाहुण्यांना मी सांगते, त्या आमच्या गाइड.