फ्लेक्सच्या दुकानात छापलेलं झीन

फ्लेक्सच्या दुकानात दिवसभर कात्रणांचा ढीग पडतो. संध्याकाळी तो झाडून काढता येतो. किश्श्यांचं तसं होत नाही, ते साचतच जातात. त्यात मी कमी बोलणारा, त्यामुळं माझ्याकडं जरा जास्तच साचलेत. गेल्या हिवाळ्यात आमच्याकडं एक झीन छापलं गेलं. हे सगळे किस्से त्या एकाच कामातले.

मी मुदखेडचा. नववीतच शाळा सुटली. तेव्हापासून नांदेडला बालाजीभाऊंच्या दुकानात कॉम्प्युटरवर डिझाईन करतो. वाढदिवस, बारसं, भावी नगरसेवक, काहीही सांगा, डोळे मिटून करून देतो. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम भाऊंचं. मी स्क्रीनकडं बघून मान हलवतो.

* * *

प्रज्ञा मॅडम लातूरच्या. तिथं फॅशन डिझाईन शिकतात. वयानं माझ्यापेक्षा लहान, पण माझ्या तोंडून मॅडमच निघतं. एक दिवस त्या पेन ड्राईव्ह घेऊन दुकानात आल्या. म्हणाल्या, “झीन काढायचंय. म्हणजे छोटं मासिक, आपलं आपण काढलेलं. नांदेड-लातूरची जी पोरं वेगळे कपडे घालतात ना, काळे, फाटके, साखळ्या लावलेले, त्यांच्यावर.”

“काढू की,” भाऊ म्हणाले, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतात तेच विचारलं. “वर काय टाकायचं?”

आमच्याकडं वर काहीतरी लागतंच. कुणाचा गणपती, कुणाचा खंडोबा, कुणाचे बाबासाहेब.

“वर काही नको. आमच्या घरच्या पत्रिकेत बाबासाहेब असतातच, पण हे वेगळं आहे. काळं बॅकग्राऊंड आणि फक्त चेहरा.”

“बरं. खाली शुभेच्छुक कोण?”

“कुणीच नाही.”

भाऊंनी फोटो बघितले. सगळी पोरं काळ्या कपड्यात, एकाच्याही तोंडावर हसू नाही. भाऊंनी चष्मा काढला, माझ्या कानाशी आले आणि हळूच म्हणाले, “गज्या, नीट विचारून घे. यातलं गेलं कोण?”

* * *

माझ्या डोक्यात पहिल्यापासूनच गोंधळ होता. मॅडमनी समजावलं, मी कागदावर लिहून घेतलं. गॉथ म्हणजे काळं काळं. पंक म्हणजे फाटकं आणि पिना. एवढं पाठ करून कामाला बसलो.

पहिल्याच फोटोत एका पोराची जीन्स दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली. आता आमच्या दुकानातून फाटक्या कपड्यातला माणूस कधी बाहेर गेलेला नाही. नेत्याच्या सदऱ्यावरचा चहाचा डागसुद्धा आम्ही काढतो. मी दोन तास बसलो आणि धाग्याला धागा जुळवून दोन्ही गुडघे बंद केले. इतकं बारीक काम मी आजवर केलेलं नव्हतं.

मॅडम स्क्रीनकडं बघतच राहिल्या.

“दादा, हे काय?”

“फाटली होती मॅडम. शिवली.”

“आणि जॅकेटच्या पिना?”

“काढल्या. टोचल्या असत्या.”

मॅडम रागावल्या नाहीत. तेच अवघड गेलं. शांतपणे म्हणाल्या, “दादा, ती जीन्स फाडायला त्याला अख्खा दिवस लागला होता.”

* * *

झीनच्या मधल्या पानावर माऊली होता. खरं नाव ज्ञानेश्वर, अर्धापूरचा, घरी केळीची बाग. त्याचे केस निळे. साधे निळे नाहीत, युरियाच्या गोणीवर असतो ना तसला निळा!

माऊली दुकानात येऊन माझ्या शेजारच्या स्टुलावर बसायचा. तोही कमी बोलणारा, म्हणून आमचं जमलं. केस रंगवले त्या दिवसापासून त्याचे बाबा त्याच्याशी बोलत नव्हते. शिवी नाही, मार नाही, नुसतं बोलणं बंद. आई घरात असली की तिच्यामार्फत निरोप. “त्याला सांग, जेवून घे म्हणावं.” आणि हा समोरच ताटावर बसलेला!

“आणि आई घरात नसली की?” मी विचारलं.

“मोत्याला सांगतात.”

“मोत्या कोण?”

“आमचं कुत्रं. ‘मोत्या, त्याला म्हणावं मोटर बंद कर.’ मी जाऊन बंद करतो.”

मला हसावं की काय करावं कळेना. माऊलीच हसला, आणि म्हणाला, “दादा, त्यांनी हे एकदा बघितलं पाहिजे. बाबांना छापलेलं असलं की खरं वाटतं. बघून बोलले तर बोलले. नाहीतर मग मी घर सोडून लातूरलाच राहीन कायमचा, काय करणार?”

तेव्हापासून ते पान करताना माझा हात जरा जपूनच चालायला लागला.

* * *

एकदा मॅडम बसलेल्या असताना देगलूरकडची एक म्हातारी नातवाच्या बारशाचा बॅनर न्यायला आली. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदलेलं, कानाच्या वरच्या पाळीत बुगड्या. मॅडम खुर्चीतून उठल्याच.

“आजी, तुमचा फोटो काढू? आमच्या पुस्तकात घालते.”

आजींनी आधी माझ्या स्क्रीनवरची पोरगी न्याहाळली. तिच्या नाकाच्या मधोमध रिंग होती आणि मानेवर टॅटू. आजी म्हणाल्या, “ही कुणाची गं? बुलाक घातलाय, गोंदलंय, कानात एवढं सगळं. लई चांगल्या वळणाची दिसती!”

मग पदर डोक्यावर घेऊन त्यांनी फोटो काढू दिला. त्या गेल्यावर मी माझा कागद काढला.

“मॅडम, आजींना कशात घालू? गॉथ की पंक?”

मॅडमनी माझा कागद उलटसुलट करून बघितला. “दादा, आता माझाच गोंधळ व्हायला लागलाय.”

मला बरं वाटलं. निदान सोबत तरी झाली.

* * *

आमच्या दुकानात फोटो उघडला की पहिलं काम म्हणजे चेहरा गोरा करायचा. हे कुणी सांगावं लागत नाही. माणूस खुर्चीवर बसायच्या आत मी त्याला दोन घरं उजळ केलेलं असतं. या अकरा पोरांनाही मी पहिल्याच दिवशी करून टाकलं होतं, तेही न विचारता.

मॅडमच्या ते लक्षात आल्यावर मात्र त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. “दादा, ही पोरं आहेत तशी दिसायला हिंमत करून राहिली, आणि तुम्ही त्यांना चुना लावून राहिले!”

मी मान खाली घालून एकेकाचा रंग परत आणायला बसलो. दहा झाले. माऊलीचा आला तेव्हा माऊली शेजारीच होता. त्यानं माझ्या माऊसवर हात ठेवला.

“माझा राहू दे दादा.”

“मॅडम चिडतील.”

“मी सांगतो त्यांना. केस तर निळे हायतच. निदान तोंड तरी बाबांना आवडंल.”

मी राहू दिला. बरोबर केलं की चूक, तेही कळलं नाही.

* * *

मग ती साईजची भानगड झाली.

झीनचं पान चार बाय सहा इंचाचं. पण आमच्या मशीनला जन्मात कुणी इंच सांगितलेला नाही. वाढदिवस असो की निवडणूक, सगळं फुटात. माऊलीचं पान नमुना म्हणून छोट्या प्रिंटरला द्यायचं होतं. मी सवयीनं फ्लेक्सच्या मशीनला दिलं, चार बाय सहा, आणि चहाला गेलो.

परत येऊन बघतो तर मशीनमधून माऊली निघून राहिलेला! सहा फुटांचा! काळं बॅकग्राऊंड, गोरापान चेहरा, निळे केस, ना वर देव ना खाली शुभेच्छुक.

“असू दे,” भाऊ म्हणाले. “शाई ओली हाय, बाहेर लाव वाळायला.”

मी तो दुकानाच्या शटरशेजारी, रस्त्याकडं तोंड करून टांगला. दहा वाजले असतील. त्या रस्त्यानं अर्धापूरचे केळीचे टेम्पो जातात, हे मला रोज दिसतं. त्या दिवशी ते डोक्यातच आलं नाही.

* * *

साडेअकराला एक मोटारसायकल दुकानासमोर आली आणि स्टँड न लावताच आडवी झाली. पन्नाशीचा एक माणूस उतरला. पायात चिखलाचे बूट, हातावर केळीच्या चिकाचे डाग. बॅनरसमोर उभा राहिला.

“हे कधी झालं?” त्यानं भाऊंना विचारलं.

“सकाळीच,” भाऊ म्हणाले. त्यांना वाटलं, छपाईचं विचारताहेत.

तो माणूस पायरीवर मटकन खाली बसला. “टेम्पोवाल्यानं फोन केला. म्हणला, माऊलीचा काळा बॅनर लागलाय, खाली कुणाचंच नाव न्हाई. पोराला फोन लावतोय, लागंना.”

पोराचा फोन माझ्या कॉम्प्युटरला चार्जिंगला लावलेला होता, बंद पडून. आणि पोरगा स्टुलावर होता, हातात वडापाव. तो उठून दारात आला. बापानं वर बघितलं. खालपासून वरपर्यंत बघितलं, निळ्या केसांपर्यंत. मग त्यांनी तोंड माझ्याकडं वळवलं.

“त्याला म्हणावं, आईला फोन कर. रडून राहिली ती.”

मी माऊलीला सांगितलं. माऊलीनं माझ्या फोनवरून आईला फोन केला.

बाप उठला, हाताच्या मागच्या बाजूनं तोंड पुसलं आणि बॅनरकडं बोट केलं. मला वाटलं, आता गेलं मधलं पान!

“हे कुणी केलं?”

“मी,” मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा भाऊंच्या आधी बोललो.

“माझा पोरगा एवढा गोरा हाय का? सावळा हाय तो. माझ्यावर गेलाय.” त्यांनी आपला हात माझ्यासमोर धरला. “असा. काढ ते.”

मी कॉम्प्युटरवर बसलो. ते मागं उभे राहिले. भीत भीत विचारलं, “काका, केसांचा निळा पण काढू?”

“तो त्यानं लावलाय ना?”

“हाव.”

“मग राहू दे की. तू लावलेला तेवढा काढ!”

मी काढला. स्क्रीनवर सावळा माऊली आला. त्यांनी आपला हात स्क्रीनजवळ धरून ताडून बघितला. मग बाहेर गेले, आडवी पडलेली गाडी उभी केली, किक मारली आणि दाराकडं बघून म्हणाले,

“माऊल्या, चल. मोटर चालू सोडून आलोय.”

माऊली जागचा हलेना. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. मग आम्ही दोघांनीही वाकून टेबलाखाली बघितलं.

मोत्या नव्हता.