मलिद्याची कविता

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखक शूर नाही. त्याला झुरळाची भीती वाटते.

हे जाहीर करावं लागतं, कारण मी ज्यू आहे. आमचे पूर्वज कोकणात तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. आजोबा फौजेत लागले, भिंगारला आले आणि आम्ही इथलेच झालो. आता टीव्हीवर ज्यूंच्या देशाचं युद्ध सुरू झालं की भिंगारच्या बाजारात माझी किंमत बदलते. भाजीवाला जुडीवर चार काड्या जास्त टाकतो, “साहेब, लई डेरिंगबाज लोक तुमचे!” पलीकडचा पानवाला त्याच दिवशी माझ्याशी बोलायचं सोडतो. दोघांनाही मी सांगतो, की मी कॅन्टोन्मेंटच्या कचेरीत फायली हलवतो. दोघांचाही विश्वास बसत नाही.

मला मात्र एकच गोष्ट हवी होती. मी लिहिलेली मलिद्याची कविता चारचौघांत म्हणायची. घरात काही चांगलं घडलं की आई मलिदा करायची: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. आमच्या प्रेषिताचं, एलियाहू नबीचं नाव घ्यायचं, प्रार्थना म्हणायची, मग खायचं. आई गेली त्या वर्षी ही कविता झाली. ती बायकोनं ऐकली होती, तीही कुकरच्या शिट्ट्यांमधून.

काष्टीला कविसंमेलन ठरलं तेव्हा तिथल्या निवृत्त गुरुजींनी मला बोलावलं. गुरुजी माझे जुने मित्र. मी इस्त्रीचा झब्बा घालून, केसांना थोडा जास्तच कलप लावून पोचलो. मंडप ज्यांनी दिला होता ते बागायतदार पहिल्या रांगेत मांडी ठोकून बसले होते. मला पाहताच त्यांनी हातातल्या यादीत माझं नाव आणि ‘मलिदा’ वाचलं आणि गुरुजींना हाक मारली. कुजबुजायचा त्यांचा विचार असावा, पण आवाज उसाच्या फडात हाका मारून कमावलेला.

“गुरुजी, ह्ये मुसलमान हायेत का?”

“न्हाई वो, ज्यू हायेत.”

“म्हंजी परदेशी?”

“भिंगारचे.”

“भिंगारचे असू द्या, पर देव बाहेरचाच ना? आपल्या मंडपात बाहेरच्या देवाचं गानं कशाला?” मग थोडा विचार करून ते उदार झाले. “त्यापेक्षा लढाईचं काहीतरी म्हणायला सांगा. लोकं टाळ्या तरी वाजवतील.”

गुरुजी माझ्याकडे आले, चष्मा पुसत. “ऐकलंत ना? लढाईवर आहे का एखादी?”

“गुरुजी, मी सोसायटीच्या मीटिंगमध्येसुद्धा मागे बसतो.”

“मग राहू द्यायचं का आज?”

झब्ब्याच्या खिशातला कागद घामानं ओला होत होता. तो तसाच घरी नेला असता, तर परत कधी बाहेर काढला नसता, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हटलं, “मलिदाच म्हणतो. उठवलं तर उठतो.”

गुरुजींनी चष्मा चढवला आणि माझं नाव पुकारलं. माईकनं किंकाळी फोडली, मी दचकलो, आणि शौर्याचा विषय तिथेच निकाली निघाला. लोक हसले. मी सुरुवात केली. आईची खवणी, नारळाचं पाणी प्यायला आमची रांग, असं करत शेवटच्या कडव्याला आलो:

भिजल्या पोह्यांत खोबरं कालवलं,
नाव घेऊन नबीला बोलावलं;
ताट एवढंसं, पाहुणे फार,
तरी आईनं लोटलं नाही दार.

आणि थांबलो. आमच्या घरी प्रार्थना संपली की सगळे एका सुरात ‘आमेन’ म्हणतात, तेव्हा मान आपोआप खाली जाते आणि माणूस वाट बघतो. काष्टीच्या मंडपात कोण म्हणणार आमेन? पण मान गेली ती गेलीच. लोकांना वाटलं असावं की हा पुढचं विसरला. गुरुजी अर्धवट उठले. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पहिल्या रांगेकडे पाहिलं. बागायतदार मांडी मोडून पुढे सरकले होते, भुवया आक्रसलेल्या, बोट माझ्यावर रोखलेलं. आता उठवतात, असं धरून मी कागदाची घडी घालायला लागलो.

तेवढ्यात त्यांच्या तोंडून निघून गेलं, “आवो, पर त्या पोह्यात गूळ घालायची का साखर?”