पडक्या भिंतींचं गिऱ्हाईक

रस्त्याच्या कडेला पडकी भिंत दिसली की प्रमोद मोटारसायकल थांबवायचा. उतरून भिंतीचे चारी बाजूंनी फोटो काढायचा, ढासळलेल्या विटांवरून बोट फिरवायचा. तेवढ्यात घरातून कोणीतरी धावत यायचं. आमच्या वाशीम जिल्ह्यात भिंतीचा फोटो काढणारा माणूस एकतर ग्रामपंचायतीचा असतो, नाहीतर पंचनाम्याला आलेला.

“साहेब, घरकुलात नाव लागलं का आमचं?”

“मी साहेब नाही, मावशी. तुमची भिंत लय झकास पडली, म्हणून थांबलो.”

यावर बहुतेक ठिकाणी त्याला चहा मिळायचा. शिरपूरला एकदा कुत्रं मागे लागलं.

प्रमोद रिठदचा. आता तो पुण्याला असतो, पण तेव्हा रोज रिसोडला माझ्या झेरॉक्सच्या दुकानात यायचा. माझ्याकडे इंटरनेट बरं चालायचं, म्हणून त्याने कोपऱ्यातलं एक टेबल भाड्याने घेतलं होतं. आधी मला वाटलं, हा दिवसभर गेम खेळतो. मग कळलं, खेळणारे दुसरेच. हा त्यांना घरं पुरवतो. परदेशात चांगली मोठी माणसं टेबलावर बोटाएवढे सैनिक मांडून लढाया खेळतात. त्यांना टेबलावर गाव लागतं. घरं, विहिरी, कुंपणं असं सगळं प्रमोद कॉम्प्युटरवर घडवायचा आणि त्याची फाइल विकायचा. घेणारा आपल्या घरच्या थ्रीडी प्रिंटरवर ती प्लास्टिकमध्ये छापून घ्यायचा.

त्याच्या आईला हा धंदाच पटेना. एकदा बाजाराला आली तेव्हा दुकानात बसून तिने त्याची उलटतपासणी घेतली.

“तू पाठवतं काय त्यायले?”

“फाइल.”

“अन् मंग तुह्याजवळ काय उरते?”

“फाइल.”

“मंग इकलं काय?”

“आई, तू बायकायले गाणं शिकवतं, तं तुह्यं गाणं सरते काय?”

माय हसली. पण गावात ‘पोरगा कॉम्प्युटरचं काम करते’ एवढंच सांगत राहिली.

खप होता तो मोडक्या घरांचा. “उभ्या घराले कोणी विचारत नाही, भाऊ,” प्रमोद खुशीत सांगायचा. “लढाईत पडकंच घर शोभते!”

असाच भिंती शोधत तो मानोऱ्याकडच्या एका तांड्यावर गेला. तिथे सोनीबाई नावाच्या म्हातारीने त्याला हटकलं. “पडक्याचे फोटो काय काढतं? माह्या घराचा काढ. घरकुल आलं, आता हे पाडून राह्यलो आमी.” घर मातीचं, पण ठणठणीत उभं. दारापुढे सारवलेला ओटा, भिंतीवर चुन्याच्या बोटांची नक्षी. प्रमोदने टेप लावून कोपरान् कोपरा मोजला आणि सोनीबाई त्याला चहा पाजत राहिली.

ते घर फारसं खपलं नाही. पण एका परदेशी क्लबचा निरोप आला: घर आवडलं, हेच जळालेलं, छप्पर कोसळलेलं करून द्या, यापुढे आमचं सगळं काम तुम्हालाच.

“करून टाक की,” मी म्हटलं. “दुपारभराचं काम.”

प्रमोदने स्क्रीनवर ते घर उघडलं. “भाऊ, बाकीच्या भिंती मले पडलेल्याच भेटल्या. हे घर उभं होतं. त्याच्यात बसून मी चहा पेलो. त्याले मी आग लावत नाही.”

“अरे, खेळातलं घर ते!”

“असू द्या खेळातलं.”

त्याने कळवून टाकलं: या घरात सोनीबाई राहतात. दुसरी म्हणाल तेवढी घरं जाळून देतो. पलीकडून उत्तर आलं नाही. इतकं मोठं गिऱ्हाईक गेलं म्हणून तो पुढे बरेच दिवस उदास होता. मेल उघडायचा, बंद करायचा, पुन्हा उघडायचा.

मग एक दिवस कुरिअरने खोका आला. आत तळहातावर मावेल एवढं सोनीबाईचं घर, छापलेलं, वर नक्षीसकट रंगवलेलं. सोबत दोन ओळी होत्या. आमच्या टेबलावर आता नियम केला आहे, सोनीबाईंच्या घरावर कोणी गोळी चालवायची नाही. प्रमोदने त्या मला मराठीत सांगितल्या आणि फॉर्म भरायला आलेल्या सगळ्या रांगेला चहा पाजला.

आम्ही दोघं लगेच तांड्यावर गेलो. जुन्या घराच्या जागी स्लॅबचं घर उभं होतं. सोनीबाईने ते चिमुकलं घर हातावर घेतलं, फिरवून फिरवून पाहिलं, ओट्यावर नख टेकवून खुदकन हसली. मग एकदम गंभीर झाली.

“दार काहून लावलं?”

“मावशी, ते असंच बंद…”

“दिवसा आमचं दार कधी बंद नव्हतं. बंद दिसलं तं लोक समजतीन, सोनी ऊस तोडाले गेली.”

प्रमोदने मोटारसायकल थेट रिसोडला आणली. दुकानात शिरला तो हेल्मेट डोक्यावर ठेवूनच कॉम्प्युटरसमोर बसला आणि त्याने दार उघडलं. नवी फाइल त्याने आधीच्या सगळ्या गिऱ्हाइकांना फुकट पाठवली. खाली एवढंच लिहिलं: आधीच्या घरात माझी चूक झाली होती. बाई घरीच आहेत.