बाळंतिणीचं पाणी

बाळंतिणीनं पाणी प्यालं की पोट सुटतं, हे माझ्या आईला ज्यानं कुणी शिकवलं त्याला एकदा माझ्यासमोर उभं करा. धाकट्या बहिणीचं बाळंतपण आईनं मिरजगावला केलं. दिवसाला दोन फुलपात्रं पाणी, तेही सुंठ घालून उकळलेलं. कानाला रुमाल, खाटेखाली शेगडी, खिडक्या बंद. आणि दिवस उन्हाळ्याचे!

दहाव्या दिवशी बहिणीचं डोकं दुखायला लागलं, ते थांबेचना. “वारं शिरलंय कानात,” आईनं निदान केलं आणि ओव्याची धुरी दिली. चार दिवसांनी ओकाऱ्या सुरू झाल्या, समोरचं दोन-दोन दिसायला लागलं, तेव्हा कुठं मला कळवलं. मी नगरला शाळेत शिकवते, डॉक्टर नाही. पण वाऱ्यानं दोन-दोन दिसत नाही, एवढं मलाही कळतं!

तिला नगरला आणलं. पहिल्या दवाखान्यात डोक्याचा साधा सीटी स्कॅन काढला. रिपोर्ट नॉर्मल. “बघ, म्हनलं न्हवतं मी? उगा ओल्या बाळंतिणीला हिंडवती!” आईनं मलाच झापलं. घरी परतायची बांधाबांध चालली होती आणि बहिणीला झटका आला. दातखीळ बसलेली, उजवा हात थाडथाड उडतोय, आणि आमच्या मातोश्री हुंगवायला कांदा शोधतायत. कपाळाला हात लावायचीही सवड नव्हती मला.

दुसरीकडे हलवलं. तिथल्या मेंदूच्या डॉक्टरांनी शिरांचा एमआरआय करायला लावला. मेंदूतलं रक्त परत नेणारी मोठी शीर गुठळ्यांनी तुंबली होती, आणि त्या दाबानं आत थोडा रक्तस्रावही झाला होता. उपाय काय, तर रक्त पातळ करायची इंजेक्शनं. हे ऐकून बहिणीचा नवरा उसळला, “रगत सांडतंय अन् तुमी ते पातळ करताय? मारता का काय तिला?” सही करीना.

“शेती कुठं तुमची?” डॉक्टरांनी विचारलं.

“श्रीगोंद्याला. ऊस हाय.”

“पाटाची चारी गाळानं तुंबली की पाणी मागं फुगतं, बांध फोडतं. नुसत्या बांधावर माती लोटून भागतं का? गाळ काढावाच लागतो. आज इंजेक्शन दिलं नाही तर ती वाचेल असं मी सांगू शकत नाही.”

त्यानं सही केली.

चौथ्या दिवशी ती नीट बोलायला लागली. पाणी किती पीत होती, असं डॉक्टरांनी विचारलं, तर आई अभिमानानं म्हणाली, “दोन फुलपात्रांच्या वर एक घोट दिला न्हाई.” बाळंतपणात रक्त तसंही लवकर गोठतं, त्यात पाणी तोडलं की धोका वाढतो, असं ते शांतपणे सांगून गेले. मी शांत राहिले नाही. तोंडाला येईल ते आईला बोलले, लेकीचा जीव घेत होतीस म्हणाले. ती पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

“ताई, तिला कशाला बोलतीस?” बहीण खाटेवरून म्हणाली. “मी तुला फोन केला हुता की. लई तहान लागती, आईला सांग, म्हनले. तू म्हनलीस, सव्वा महिन्याचा तर प्रश्न हाय, आई सांगती तसं कर.”

म्हणाले होते. तासाची घंटा झाली होती, म्हणून फोनही मीच ठेवला होता.